हाक पोहोचली तिथवर

१

संध्याकाळचं दूध काढून झालं, भांडी झऱ्याच्या थंड पाण्यात ठेवून झाली, की बाल्बीना हात पुसून बाहेर यायची आणि दाराशेजारच्या खुंटीवरचं लाकडी नरसाळं काढायची. दूध गाळायचं साधं नरसाळं. पण तोंडाला लावलं की त्याचा कर्णा होतो. क्रूसाजवळच्या दगडावर उभं राहायचं आणि त्यातून संध्याकाळची प्रार्थना सूर लांबवत दरीभर म्हणायची, ही आल्प्सच्या त्या भागातली रीत. मारियाला हाक, संतांना हाक, आणि शेवटी एवढंच मागणं, की आमच्या कुरणाभोवती रात्रभर सोन्याचं रिंगण असू दे. आवाज जाईल तिथवर रिंगण. रिंगणाच्या आत गाय घसरत नाही, दरड कोसळत नाही, वीज पडत नाही. बाहेर ज्याचं त्याचं नशीब.

हे काम पुरुषांचं. बाल्बीनाचा नवरा मेल्क तर त्यात नावाजलेला. त्याची प्रार्थना सुरू झाली की खालच्या गावात लोक हातातलं काम थांबवायचे. पण गेल्या हिवाळ्यात त्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या आवाजाच्या जागी नुसती फुसफूस उरली. गावच्या पंचांनी तोंड वाकडं करून सांगितलं, या उन्हाळ्यापुरतं बायकोने म्हणावं, पण गावाचं एक जरी जनावर दगावलं तरी पुढच्या वर्षी कुरण दुसऱ्याला. कुरण गेलं असतं तर त्या दोघांना गावात लोकांच्या गोठ्यातलं शेण काढावं लागलं असतं. बाल्बीनाला शेणाची लाज नव्हती, लोकांच्या गोठ्याची होती.

नाल्यापलीकडच्या कुरणावर म्हातारा वेंडेल असायचा. रोज सकाळी तिला डिवचल्याशिवाय त्याचा दिवस उगवत नसे.

"काय गं, काल प्रार्थना म्हटलीस का?"

"म्हटली की."

"अस्सं होय. मला वाटलं, मांजर दुधाच्या हंड्यात पडलं."

"हसा, वेंडेल. दात आहेत तोवर हसून घ्या."

"हसत नाही पोरी, सांगतोय. तुझा आवाज जेमतेम नाल्यापर्यंत येतो. वरच्या कुरणावर गावच्या कालवडी रात्रभर उघड्यावर असतात. काल एक घसरलीच ना? गुडघ्यावर निभावलं म्हणून बरं. उद्या मानेवर येईल."

बाल्बीना दुधाचं भांडं उचलून चालू लागली. तिच्या गप्प बसण्याला मेल्क फार घाबरायचा, आणि ते बरोबरच होतं.

२

त्या दिवशी तिने दूध लवकर काढलं, नरसाळं पाठीला बांधलं आणि वरचं कुरण ओलांडून सरळ शाटफुर्काच्या खिंडीत जाऊन उभी राहिली. दोन शिखरांच्या मधली ती खोलगट जागा इतकी अरुंद, की दोन गाई शेजारी शेजारी चालल्या तर एक नक्की कुरकुरेल. अलीकडे त्यांचं कुरण, झोपडीचा धूर, कालवडींच्या घंटा. पलीकडे परातीसारखी पसरलेली दगडांची खोल वाटी आणि तळाशी ऑगस्टातही न वितळणारं बर्फ. तिकडे गवत नाही, म्हणून तिकडे कुणी जात नाही. बाल्बीनाच्या माहितीप्रमाणे कारण तेवढंच होतं.

तिने नरसाळं तोंडाला लावलं आणि छाती फुटेस्तोवर म्हटलं. आधी दरीकडे, मग वेंडेलच्या कुरणाकडे, मग झोपडीकडे. आवाज असा काही मोकळा सुटला की तिलाच हसू आलं. मांजर म्हणे! एवढं चढून आलोच आहोत तर एकही बाजू सोडायची नाही, म्हणून ती वळली आणि चौथ्यांदा पलीकडच्या वाटीतही म्हटलं.

अलीकडच्या कड्यांनी तिचा शब्द न् शब्द परत दिला होता. पलीकडून काहीच परत आलं नाही.

ती थांबून राहिली. तिकडेही कडेच होते, उभे आणि उघडेबोडके. तिथून तर दुप्पट घुमायला हवं होतं. बर्फ आवाज पितं, असं तिने स्वतःला सांगितलं. हे खरंही आहे, पण ताज्या, भुसभुशीत बर्फाच्या बाबतीत. खालचं बर्फ जुनं आणि दगडासारखं टणक होतं. तेवढ्यात खाली कालवडींनी घंटा वाजवल्या आणि ती आनंदाने उतरणीला लागली.

३

मेल्कने मक्याच्या पिठाची लापशी वाढून ठेवली होती.

"कशी ऐकू आली?" तिने बसता बसता विचारलं.

"छान," तो फुसफुसला. "घुमली. खिंडीत उभी होतीस?"

"हो."

"तोंड कुणीकडे?"

"चारी बाजूंना. लोकांना बोलायला जागाच नको."

मेल्कचा चमचा वाटीतच राहिला. "मी कधी खिंडीपलीकडे तोंड करून म्हटलंय?"

तिने आठवून पाहिलं. इतक्या वर्षांत तिने त्याला क्रूसाजवळ उभा पाहिला होता; दरीकडे वळायचा, दोन्ही अंगांना वळायचा. खिंडीकडे मात्र त्याची कायम पाठ असायची.

"का नाही म्हटलंस?"

"बाप तसाच उभा राहायचा."

"आणि बापाचा बाप?"

"तोही तसाच."

"म्हणजे तुमच्या अख्ख्या घराण्याची मान आखडलेली," ती म्हणाली आणि हसली. मेल्क हसला नाही.

"आवाज जाईल तिथवर रिंगण, बाल्बी. आता तिकडचंही आपल्या रिंगणात आलं."

"तिकडे आहे काय? दगड! सुखी राहू देत बिचारे."

मेल्क उठला आणि भांडी गोळा करायला लागला. तो हल्ली बोलायचाच कमी, त्यामुळे तिला त्याचं विशेष वाटलं नाही.

४

गोठ्यात शिरण्याचा गाईंचा क्रम ठरलेला असतो. लग्नाच्या पंगतीतही एवढा मानपान नसेल. सगळ्यांत पुढे ब्लेस, वयाने आणि शिंगांनी मोठी. तिच्या मागे लाउबी, ही गावच्या मुखियाची लाडकी, दुधाला सगळ्यांत सरस. मग फ्लोरी, मग बाकीच्या. कुणी मध्ये घुसलं तर शिंग बसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ब्लेस उंबऱ्याशी थांबली. तिने मान बाजूला घेतली, अंग आवरून घेतलं आणि वाट दिली. ब्लेस आयुष्यात कुणासाठी थांबली नव्हती. तिच्यापुढे काहीही नव्हतं. जरा वेळाने ती आत गेली आणि आपल्या जागी उभी राहिली. लाउबी मात्र दारापर्यंत आली, आपल्या जागेकडे बघितलं आणि चार पाय रोवून उभी राहिली.

"चल गं बाई, तुझीच जागा आहे. मुहूर्त बघतेस का?" बाल्बीनाने तिला खांद्याने रेटलं. लाउबी तसूभर हलेना. तिची कातडी माशा हाकलावी तशी सारखी थरथरत होती, पण माशा नव्हत्या. शेवटी तिने हिसडा दिला आणि अंगणात निघून गेली. फ्लोरी आत आली, पण पुढे सरकून ती जागा काही तिने घेतली नाही. ब्लेस आणि फ्लोरीच्या मध्ये एका गाईएवढी फट राहिली.

बाल्बीनाने ती जागा तपासली. खिळा वर आला असेल, कोल्हाबिल्हा शिरून घाण करून गेला असेल, फळी ओली असेल. तिने हाताने चाचपलं, वास घेतला. काही नव्हतं. मग गाईला काय दिसतं ते बघावं म्हणून ती स्वतःच तिथे उभी राहिली, आणि तिला वाटलं, आपण कुणाच्या तरी फार जवळ उभे आहोत. जत्रेच्या गर्दीत अनोळखी माणूस अंगाला लागून उभा असावा, तसं. ती बाहेर आली. घाईने नाही, पण आली.

सकाळी त्या जागेतला पेंढा दबलेला होता. हात लावला तर ऊबदार होता. शेण मात्र नव्हतं. रात्रभर बसूनही शेण न टाकणारं जनावर बाल्बीनाने पाहिलं नव्हतं. फ्लोरी बसली असेल, तिने मनाशी म्हटलं. साखळी सैल असेल. साखळी सैल नव्हती, हे तिने बघून घेतलं आणि मग तिला आपलाच राग आला.

५

त्या संध्याकाळी तिने क्रूसाजवळच्या दगडावरूनच प्रार्थना म्हटली, खिंडीकडे नीट पाठ करून, बेताच्या आवाजात. उपयोग झाला नाही. जे एकदा आत घेतलं ते पाठ फिरवल्याने थोडंच बाहेर जातं? त्या रात्री फ्लोरीही अंगणात राहिली. गोठ्यात आता दोन फटी होत्या.

उन्हाळा असला तरी त्या उंचीवर पहाटे गवतावर दहिवर गोठतं. लाउबी खोकायला लागली. बाल्बीनाने तिच्या पाठीवर आपली गोधडी घातली, कढत पाण्यात कोंडा कालवून दिला. लाउबी खायची, आणि खाता खाता गोठ्याच्या दाराकडे बघायची.

मग एका सकाळी न्याहारीच्या वेळी बाल्बीना चुलीशी दूध तापवत होती. मेल्क बाकावर बसला होता. पाव कापता कापता तो सरकला. एकदा थोडासा, मग आणखी थोडा, अगदी भिंतीला खांदा टेकेपर्यंत. तिला वाटलं, आपल्यासाठी जागा करतोय. ती मात्र नेहमीसारखी स्टुलावर बसली.

"सरकलास का रे?"

"कोण? मी?" मेल्कने आपल्याकडे पाहिलं. भिंतीला दाबलेल्या आपल्या खांद्याकडे पाहिलं. बाकाचा मोठा भाग मोकळा होता. पावाची लादीही त्याने त्या मोकळ्या बाजूला सरकवून ठेवली होती, पाहुण्यापुढे ठेवावी तशी.

चुलीवरचं दूध उतू गेलं. त्या दिवशी पहाटे जाग आली तेव्हा ती पलंगाच्या अगदी काठावर होती, एक पाय खाली लोंबत होता. मेल्कचे कोपर लागतात, म्हणून तिने तेव्हा त्यालाच शिव्या घातल्या होत्या. मेल्क पलीकडे भिंतीला चिकटून झोपला होता. मध्ये भरपूर जागा होती.

दुपारी वेंडेल आला आणि दारातच उभा राहून बोलायला लागला.

"आता ऐकू येतं हां तुझं! परवा तर असं ऐकलं की माझी टोपी उडाली. पण गाई बाहेर का बांधतेस? लाउबी खोकतेय. मुखिया रविवारी वर येतोय, ठाऊक आहे ना? त्याने तिला या अवस्थेत पाहिलं तर पंचांना निमित्तच पाहिजे आहे."

"आत शिरत नाही ती."

"गाईला आत घालता येत नाही आणि म्हणे कुरण सांभाळते! माझी बायको होती तेव्हा..."

बोलता बोलता वेंडेल चौकटीला पाठ लावून बाजूला झाला. वाट दिली. टोपीलाही हात लावला, चर्चबाहेर वडीलधाऱ्या माणसाला बघून लावतात तसा. मग पुन्हा दारात उभा राहिला आणि बायकोची गोष्ट पुढे चालू केली. बाल्बीना त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याला काहीही कळलेलं नव्हतं. आणि आता जे कुणी आत आलं होतं, ते तिच्यामागे स्वयंपाकघरात होतं.

ती बघायला वळली नाही. भीती वाटली म्हणूनच वळली नाही.

६

वेंडेल गेल्यावर मेल्कने तिला अंगणात नेलं. घरात बोलायची दोघांचीही तयारी नव्हती.

"आजपासून म्हणू नकोस," तो फुसफुसला. "रिंगणच नको. कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही. मग ते जाईल निघून."

"आणि कालवडी?"

"बघू."

"बघू म्हणजे? एक मेली की कुरण गेलं! त्याच्यापायी आपण उघड्यावर पडायचं? या छपरावरचा एकेक दगड मी पाठीवरून आणलाय, मेल्क. ते आलं म्हणून लाउबी बाहेर, फ्लोरी बाहेर, तू भिंतीला, मी काठावर. उद्या दोघं अंगणात झोपू, परवा नाल्यात!"

"ओरडू नकोस. ऐकेल."

"ऐकू दे ना! त्यालाच सांगतेय." ती खरंच घराकडे तोंड करून ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला सांग, त्याने कुणाला ढकललंय? ब्लेसला मारलं? तुला हात लावला?"

"नाही."

"मग? आपणच सरकतोय. अजून त्याला कुणी नाही म्हटलेलंच नाही."

मेल्कने तिच्याकडे पाहिलं. या बाईशी लग्न केलं तेव्हा आपल्याला काय वाटलं होतं, ते बहुतेक तो आठवत असावा.

"काय करणार आहेस?"

"वर जाणार. तिकडेच तोंड करून म्हणणार. पण आता नावानिशी. ज्याचं नाव घेतलं तो आत, बाकी सगळे बाहेर."

"असं कुणी म्हणत नाही, बाल्बी."

"बाईनेही कुणी म्हटलं नव्हतं. तू गोठ्याच्या दारात उभा राहा. गाई आत गेल्या की दार लावून घे. आणि कुणालाही वाट देऊ नकोस. कितीही वाटलं तरी."

७

ती खिंडीत पोहोचली तेव्हा ऊन फक्त शिखरांवर उरलं होतं. खालची वाटी सावलीत गेली होती. तिने नरसाळं तोंडाला लावलं. पाय जरा फाकवून रोवले, लाउबीने रोवले होते तसेच.

संतांची नावं झाल्यावर तिने आपली माणसं घेतली. ब्लेस. लाउबी. फ्लोरी. श्पिगेल. म्हातारी ब्रूनी. गावच्या कालवडी, एकेकीचं नाव घेऊन. डुकरीण आणि तिची पिल्लं. मांजर. मेल्क. तो छळवादी वेंडेल. आणि मी, बाल्बीना. एवढ्यांच्या भोवती रिंगण असू दे. ज्याचं नाव मी घेतलं नाही, त्याला आमच्यात जागा नाही. गोठ्यात नाही, बाकावर नाही, पलंगावर नाही. आमचीच आम्हाला पुरत नाही.

पलीकडून काही परत आलं नाही. तिला तशी अपेक्षाही नव्हती. तिने कान अलीकडे लावले होते.

बऱ्याच वेळाने खालून लाउबीची घंटा आली. आधी अंगणातली मोकळी, मग छपराखालची कोंडलेली. तिच्या मागे फ्लोरीची. मग दाराची कडी. बाल्बीनाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मोठ्याने म्हणाली, "शाब्बास, पोरींनो!" आणि डोळे पुसून तिने वाटीत पाहिलं.

तळाच्या बर्फावर काळे दगड होते. ते तिथे पहिल्या दिवशीही होते. तेव्हा ते विखुरलेले होते. आता ते एकामागे एक होते. दारासमोर गाई उभ्या राहतात तसे, क्रमाने, मानाप्रमाणे, मध्ये एकही फट न सोडता. ओळ बर्फावरून निघून चढणीवर आली होती, आणि सगळ्यांत पुढचा दगड हाकेच्या अंतराहूनही जवळ होता. उजेड कमी होता. तो दगडच आहे असं ती म्हणू शकली असती, त्याने तिच्याकडे मान वर केलेली नसती तर.

तेवढ्यात मागे खडी वाजली. कुणीतरी झोपडीकडून चढत येत होतं, सावकाश, जड अंगाने. मेल्कची चाल नव्हती. ते तिच्या पाठीशी येऊन थांबलं आणि तिच्या खांद्याला हळूच ढोसणी बसली, वाट अडवून उभ्या राहिलेल्या माणसाला गाय देते तशी. त्यात राग नव्हता. सरक एवढंच होतं.

आणि बाल्बीनाचं अंग सरकायला लागलं. तिला न विचारता. उजवा पाय उचललाही गेला होता. बाजूला होणं किती सोपं होतं! ज्याला बाहेर घालवलं त्याला बाहेर जाऊ द्यायचं, एवढंच तर होतं. पण ती बाजूला झाली की वाट मोकळी, आणि मोकळ्या वाटेच्या खालच्या टोकाला ती ओळ उभी होती. त्यांनाही कुणाला ढकलायची गरज नव्हती. कुणीतरी सरकण्याचीच ते वाट बघत होते.

तिने पाय होता तिथेच परत ठेवला.

"नाही," ती म्हणाली. नरसाळ्यातून नाही, साध्या आवाजात, मागे न बघता. "मी नाही सरकत. तुला जायचं असेल तर कड्यावरून जा. वाट माझी आहे."

मागचं वजन हटलं नाही. ते तिच्या पाठीला टेकलं आणि तसंच राहिलं, ऊबदार, दबलेल्या पेंढ्यासारखं. पुढे चढणीवर खडीचा एक दगड घरंगळला. पुढचा होता तो आणखी जवळ आला होता.

तिने नरसाळं वर केलं आणि नावं पहिल्यापासून घेतली. नावं चालू होती तोवर काही हललं नाही. श्वास घ्यायला थांबली की खडी वाजायची. म्हणून ती थांबेना. ब्लेस, लाउबी, फ्लोरी, श्पिगेल, ब्रूनी. शिखरांवरचं ऊन गेलं. डुकरीण, मांजर, मेल्क. घसा कोरडा पडला. वेंडेलचं नाव घेताना तिचा आवाज चिरकला, आणि स्वतःच्या नावापाशी आली तेव्हा नरसाळ्यातून नुसती फुसफूस निघाली.

चढणीवर खडी वाजली.

बाल्बीनाने नरसाळं फेकून दिलं, उरली होती तेवढी हवा छातीत ओढली, पाय आणखी फाकवले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "ब्लेस."